गाडी सकाळी अडते, तर कारण सकाळीच शोधा

जुन्या पेट्रोल गाडीचा हा आजार मोठा लबाड. पहाटे सहाला सेल्फ मारून मारून आपण मेटाकुटीला येतो, शेवटी दूधवाल्याला आणि वॉचमनला हाका मारून धक्का स्टार्ट करतो. अकराला तीच गाडी गॅरेजमध्ये नेली की अर्ध्या चावीत सुरू होते. मेकॅनिक आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे. मग अंदाजपंचे सुरू होतं: प्लग बदलून बघू, कार्बोरेटर धुऊन घेऊ, बॅटरीच नवी टाका. यात मेकॅनिकची चूक फारशी नसते. दवाखान्यात पोचेपर्यंत रोगी बरा झालेला असेल तर डॉक्टर तरी काय करणार?

म्हणून ही तपासणी आपणच करावी लागते, आणि तीही त्या दिवशीची पहिली चावी फिरवताना. तेवढी दोन-तीन मिनिटंच आजार अंगावर असतो. एकदा इंजिन गरम झालं की पुरावा गेला, पुढची संधी थेट उद्या सकाळी. माझी कार्बोरेटरवाली मारुती ८०० (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग) आणि मेव्हण्याची एमपीएफआय (तिथे तेच काम कॉम्प्युटर आणि इंजेक्टर करतात), अशा दोन गाड्यांवर नाशिकच्या थंडीत मी जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधी. इथे ‘थंड’ म्हणजे बाहेरचा पारा उतरलाय असंच नाही. आमच्याकडे जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश सहज असतात, निफाडला त्याहून खाली. पण मुंबईत २४ अंशांतही रात्रभर उभी राहिलेली गाडी इंजिनाच्या हिशेबाने थंडच असते. थंड लोखंडावर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या (हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींना चिकटून बसतं. त्यामुळे सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल लागतं, ठिणगी सणसणीत लागते आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरावं लागतं. गरम इंजिन या तिन्हींतली कमतरता पोटात घालतं. थंड इंजिन घालत नाही. आणि कोकणातली गाडी जुलैत अडत असेल तर तिथे थंडीपेक्षा ओल शोधायची.

आदल्या रात्रीची तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो, प्लगचा पाना, एक चांगला जुना प्लग, जाडसर जंपर केबल, बॅटरी (टॉर्च या अर्थाने), जुनं बनियन आणि एक वही. वही हसण्यावारी नेऊ नका. किती वेळ सेल्फ मारला, वास आला का, धूर कुठल्या रंगाचा, गाडी किती तास उभी होती, टाकीत पेट्रोल किती होतं, हे चार दिवस लिहिलंत तर पाचव्या दिवशी बहुतेक वेळा कारण त्या पानावरच दिसतं.

गाडी उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून तपासणी करणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, मफलर-ओढणी काढून ठेवलेली, आणि आसपास कोणी विडी पेटवणारा नको.

रात्री गाडी बंद करून, दिवे मिटवून तासाभराने बॅटरीचं व्होल्टेज मोजा आणि लिहा. सकाळी दार उघडायच्या आधी बॉनेट उघडता आलं तर उत्तम, नाहीतर दार उघडून आतला दिवा मिटेपर्यंत थांबा आणि पुन्हा मोजा. हे दोन आकडे पुढे कामाला येतील.

आधी फक्त ऐका

चावी फिरवा. पाच सेकंदांहून जास्त सेल्फ मारायचा नाही. मग अर्धा मिनिट थांबायचं. सलग वीस सेकंद दाबून धरणारे लोक बॅटरी, सेल्फ मोटर आणि शेजाऱ्यांची झोप तिन्ही घालवतात. या पाच सेकंदांत गाडी चारांपैकी एक काहीतरी सांगते.

नुसता ‘टिक’ आवाज येतो किंवा सेल्फ ‘घुर्रर्र... घुर्रर्र...’ करत रेंगाळतो: विजेचा मामला. सेल्फ दमदार फिरतो पण गाडी पकडत नाही: करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) किंवा पेट्रोल. गाडी सुरू होते आणि चार सेकंदांत बंद पडते: चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी पाकळी), आयडलिंगची (पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणारी) हवा किंवा पेट्रोलचा पुरवठा. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भर्रर्रकन फिरतोय, मधले ठोके जाणवतच नाहीत: थांबा, पुन्हा चावी फिरवू नका. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि काही इंजिनांत अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह वाकतात.

सेल्फ रेंगाळतोय

इथे जरा रेंगाळू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. माझेही गेले. एका डिसेंबरात मी बॅटरी बदलली, जानेवारीत सेल्फ मोटर उघडून कार्बन ब्रश नवे घातले, आणि फेब्रुवारीत कळलं की दोष होता इंजिनाकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. जेमतेम वीतभर लांबीची पट्टी, एका टोकाला गंजून पापडी झालेली.

पूर्ण चार्ज असलेली, निवांत पडलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर तिच्याकडून थंड इंजिन फिरवायची अपेक्षाच नको. रात्री १२.६ आणि सकाळी १२.१ असेल तर दोन शक्यता: बॅटरीचा एखादा सेल गेलाय, किंवा रात्रभर काहीतरी वीज पितंय. बॅटरीची निगेटिव्ह वायर रात्रभर काढून ठेवा. सकाळी व्होल्टेज टिकलं तर चोर गाडीत आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, सायरन किंवा डिकीतला न मिटणारा दिवा निघतो. मीटर मालिकेत जोडून करंट मोजता येत असेल तर ५० मिलिअँपिअरच्या वरचा आकडा संशयास्पद समजा. पण मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

आता खरी परीक्षा. मीटरच्या पिना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळलं तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ मोटर अडकून जास्त वीज ओढतेय. याउलट सेल्फ रेंगाळतोय पण बॅटरीवर साडेअकरा व्होल्ट ठाम उभे आहेत, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज आहे, ती मोटरपर्यंत पोचत नाहीये, किंवा मोटरच तिला घेत नाहीये.

मीटर दोन व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फ मोटरचा जाड बोल्ट यांच्यामध्ये मोजा; तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मीटर नसेल तर गावठी उपाय: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या जाड धातूला लावून सेल्फ मारा. सेल्फ एकदम ताजातवाना झाला तर निदान झालं. माझी गाडी याच युक्तीने उघडी पडली.

टर्मिनलवर पांढरा-निळसर खार जमला असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, पॉलिश पेपरने घासून, आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

बॅटरीची एक गंमत अशी की ती मरते एप्रिल-मेच्या उन्हात, पण मेलेली कळते डिसेंबरात. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात, मात्र गरम दिवसांत इंजिन हलकं फिरतं म्हणून आपलं निभावतं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तेल घट्ट होतं, दोन्ही एकदम. तेलावरून आठवलं: इंजिनाचा खडखड आवाज कमी व्हावा म्हणून कोणी २०-डब्ल्यू-५० सारखं जाड तेल भरून दिलं असेल तर थंड सकाळी सेल्फवर त्याचा भार पडतोच. कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच वापरा. आणि सेल्फ मारताना क्लच दाबा, गिअरबॉक्समधलं थंड तेल घुसळायचं काम तेवढंच वाचतं.

सेल्फ दमदार, पण गाडी पकडत नाही

दोन-तीन वेळा पाच-पाच सेकंद सेल्फ मारूनही पकडली नाही तर तिथेच थांबा आणि एक प्लग काढा. निदानाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार हाच.

टोक कोरडं खडखडीत, वास नाही: पेट्रोल आत पोचलंच नाही. टोक ओलं आणि पेट्रोलचा भपकारा: पेट्रोल आहे, ठिणगी नाही, किंवा पेट्रोल इतकं झालं की गाडी ‘ओव्हर’ झाली. कोरडी काजळी: गाडी बरेच दिवस जास्त पेट्रोलवर चालतेय. काळा, तेलकट चिकट थर: पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल येतंय. एकाच सिलिंडरचा प्लग ओला आहे, पण पेट्रोलचा वास नाही, वर रेडिएटरचं पाणीही दर आठवड्याला कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगमधून) रात्रभर पाणी झिरपत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी सुरू होताना एका सिलिंडरवर मिसिंग करते, मागून पांढरा वाफाळ धूर सोडते आणि मिनिटभरात शहाण्यासारखी वागू लागते.

गाडी ओव्हर झाली असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि पाच सेकंद सेल्फ मारा. कार्बोरेटरच्या गाडीत त्याने भरपूर हवा आत जाते. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबलेलं दिसलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. या युक्तीने गाडी सुरू झाली तर ‘सुटलो’ म्हणून विसरू नका, वहीत लिहा. जास्तीचं पेट्रोल कुठून येतंय हा प्रश्न तसाच राहिलेला असतो.

आता ठिणगी. एमपीएफआय गाडीत आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. जुना चांगला प्लग वायरीत बसवा, त्याचं धातूचं अंग जंपर केबलने इंजिनाला पक्कं जोडा आणि उघड्या प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हातात धरू नका. हजारो व्होल्टचा झटका असतो, आणि झटक्याने हात मागे घेताना कोपर बॉनेटच्या कडेवर आपटतं ते वेगळंच. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारायचा जुना प्रकारही सोडा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्याने बिघडतं. ठिणगी निळसर-पांढरी, कडक, ‘चट्-चट्’ आवाजाची हवी. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी उन्हात, गरम इंजिनाला पुरते; थंड ओल्या मिश्रणाला पुरत नाही.

ठिणगी अशक्त असेल तर पहिला संशय ओलीवर. डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून आत बघा. दव किंवा पाणी असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी वेडीवाकडी रेघ दिसली तर त्या वाटेने करंट पळतोय. पुसून ती जात नाही, झाकण बदला. मधला कार्बनचा तुकडा झिजलाय का, रोटरचं टोक जळलंय का, तेही बघून घ्या. जुन्या प्लग-वायरींची परीक्षा अंधारात करायची. पहाट त्यासाठी आयतीच. इंजिन कसंबसं सुरू झालं की दिवे मिटवून बॉनेटखाली बघा, पाण्याचा बारीक फवारा वायरींवर मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरींचा सेट गेला.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट असलेल्या) गाड्यांत, म्हणजे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या पिढीत, पॉइंटवरचे खड्डे आणि फट बघा. फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला, तो महाग नसतो. प्लगची फटही फिलर गेजने मोजा. साध्या प्लगला ०.७ ते ०.८ मिलिमीटर सामान्यपणे लागते. झिजून ती एक मिलिमीटरच्या वर गेली असेल तर थंडीत कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाचा) घाम निघतो.

एक बारकावा. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज नऊवर येत असेल तर कॉइललाही नऊच व्होल्ट मिळतात. म्हणजे करंट अशक्त दिसतो पण मूळ दोष बॅटरीत. म्हणूनच मी वीज आधी आणि ठिणगी नंतर सांगितली. हा क्रम उलटा केला तर कॉइल फुकट बदलली जाते.

कार्बोरेटर: चोक खरंच बसतो का?

चोकचा नॉब ओढला म्हणजे चोक लागला असं आपण धरून चालतो. एअर फिल्टरचं झाकण काढा, थंड गाडीत नॉब पूर्ण ओढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा. वरची पाकळी पूर्ण मिटली पाहिजे. केबल सैल झाली असेल तर नॉब हातात येतो आणि पाकळी अर्धीच मिटते. मी पाहिलेल्या कार्बोरेटरच्या गाड्यांत सकाळच्या रडगाण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघालं, आणि उपाय म्हणजे एक स्क्रू सैल करून केबल ताणून पुन्हा आवळणं. ऑटो चोक असलेल्या गाडीत थंड इंजिनावर अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा. तेव्हा पाकळी मिटायला हवी. न मिटल्यास तिची कांडी मळाने अडकलेली असते, कार्ब क्लीनरचा फवारा मारून मोकळी करा.

सुरू करायची पद्धतही महत्त्वाची. हाताचा चोक असेल तर तो पूर्ण ओढून, पेडलला पाय न लावता सेल्फ मारायचा. पकडली की अर्धा मिनिटाने चोक निम्मा आत, आणि दीड-दोन मिनिटांत पूर्ण. सवयीने पाच-सहा वेळा पेडल पंप करणारे लोक चांगली गाडी ओव्हर करतात आणि मग कार्बोरेटरला शिव्या देतात. उलट चोक आत ढकलायला विसरलात तर प्लग काजळतात आणि उद्या सकाळची तक्रार आजच तयार होते.

चोक ठीक, पण प्लग कोरडे? कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च धरून, इंजिन बंद ठेवून, हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर झटकन ओढा. पेट्रोलची स्वच्छ धार उडाली पाहिजे. धार नाही तर बाऊल (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा आहे किंवा आतल्या छोट्या पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) फाटलाय. काही कार्बोरेटरांना पेट्रोलची पातळी दाखवणारी बारीक काच असते, ती बघितली की शंका मिटते. रात्री बाऊल भरलेला आणि सकाळी रिकामा असेल तर पेट्रोल उडून किंवा पाझरून जातंय. सेल्फ फिरला की यांत्रिक पंप ते पुन्हा भरतो, पण त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात अशक्त बॅटरी बसते. पंपाला हाताने हलवायचा लिव्हर असेल, जसा पद्मिनीच्या पिढीच्या गाड्यांत असायचा, तर तो दहा-बारा वेळा हलवून मग सेल्फ मारा. अशी गाडी लगेच पकडली तर दोष पुरवठ्यात: पंपाचा डायफ्रॅम, त्याचे व्हॉल्व्ह, किंवा टाकीकडून येणारी भेगाळलेली रबरी नळी, जी पेट्रोलऐवजी हवा ओढते. नळी बदलणं सर्वांत स्वस्त, म्हणून आधी तेच.

बाऊलच्या बाहेर ओल आणि सकाळी पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोट किंवा निडल व्हॉल्व्ह (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणारे भाग) गळतोय. ते थांबेपर्यंत गाडी वापरू नका, आगीचा प्रश्न आहे.

एमपीएफआय गाडी

इथे चोक नसतो, चोकचं काम कॉम्प्युटर करतो. चावी ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘ज्झ्झ’ असा बारीक आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने बघा. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून पाहा. चावी न ओळखल्याने इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) गाडी अडवलेली असते आणि आपण प्लग काढत बसतो.

आवाज येतोय, तर हा प्रयोग करा. चावी ऑन, तीन सेकंद थांबा, ऑफ. पुन्हा ऑन, तीन सेकंद, ऑफ. तिसऱ्यांदा सेल्फ मारा. रोज सात-आठ सेकंद घेणारी गाडी आता लगेच पकडली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. ते दोन वाटांनी उतरतं. पंपातला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर पेट्रोल टाकीत परत जातं. अशा वेळी वास नाही, धूर नाही. इंजेक्टर ठिबकत असेल तर ते सिलिंडरच्या तोंडाशी साचतं. मग सुरू होताना काळा धूर, पेट्रोलचा वास आणि चार-सहा सेकंद खोकल्यासारखं चालणं. एवढा फरक मेकॅनिकला सांगितलात तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. दुपारी उत्तम, पहाटे हट्टी, आणि सुरू झाल्यावर दोन मिनिटं मरगळलेली. तिथे दोषी निघाला पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. इंजिन बर्फ असताना तो ‘गरम आहे’ असं सांगायचा, कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी द्यायचा. तपासणी सोपी. पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो दोन-तीन किलोओहम असतो आणि ८० अंशांना काहीशे ओहमवर येतो. थंड इंजिनावर जेमतेम पाचशे ओहम दिसले तर सेन्सर खोटारडा. स्कॅनर असेल तर आणखी सोपं: रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, आणि दोन्ही घरातल्या थर्मामीटरशी जुळली पाहिजेत. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर २०१० च्या आधीच्या गाडीशी बोलेलच असं नाही, म्हणून मीटरची पद्धत माहीत असलेली बरी.

आणि पेडल थोडं दाबलं तरच सुरू होते, सोडलं की मरते, अशी तक्रार असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडलिंगचा हवेचा व्हॉल्व्ह काळ्या चिकट थराने बुजलेला असतो. साफ करणं हाच उपाय, नवा घ्यायची घाई नको.

टाकीत काय आहे

हा भाग पूर्वी लिहावा लागला नसता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ते पूर्ण जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर) सेट केलेल्या कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. थंड सकाळी या दोन्ही गोष्टी आपल्या विरोधात जातात. पूर्वी अर्ध्या चोकवर सुरू होणारी गाडी आता पूर्ण चोक मागत असेल तर ती बिघडलीच असं समजू नका. जुनी रबरं मात्र बिघडतात: नळ्या मऊ किंवा चिरलेल्या होतात, डायफ्रॅम ताठरतात. त्यांची जागा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांना द्या.

इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी दिवाळीत सुरू होत नसेल तर फिल्टरच्या नळीतून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही. थर नसेल पण वास व्हार्निशसारखा कुबट येत असेल तर पेट्रोल शिळं झालंय. लवकर पेटणारा हलका भाग उडून गेलाय आणि थंडीत नेमका तोच लागतो.

सीएनजीवाल्यांची वेगळीच कथा. दिवसभर गॅसवर धावायचं आणि पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने लाल रेघेवर. सकाळी गाडी सुरू मात्र पेट्रोलवरच करायची. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे रिकाम्या टाकीत तो लवकर जळतो. आणि न वापरलेले इंजेक्टर चिकटून बसतात. टाकी किमान पाव भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

शेवटचा संशय: कॉम्प्रेशन

वीज ठीक, ठिणगी कडक, पेट्रोल ताजं आणि तरीही पहाटे अडते, तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, मोजा. हे गॅरेजमध्येच करून घ्या. अशा लहान इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १३ किलोच्या दरम्यान आकडे येतात; आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. एक किलोहून जास्त तफावत असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, न चढल्यास व्हॉल्व्ह. त्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट तपासून घ्या, कारण फार घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाहीत आणि दुरुस्ती फक्त पान्याची असते.

मेकॅनिककडे जाताना

वही न्या. आणि शक्य असेल तर गाडी संध्याकाळीच गॅरेजमध्ये सोडा, सकाळी दुकान उघडल्यावर पहिली चावी मेकॅनिकलाच फिरवू द्या. आधी कोणी हलवायची नाही, असं दोनदा बजावून सांगा, नाहीतर तिथला पोऱ्या झाडलोट करताना गाडी बाजूला घेतो आणि सगळं मुसळ केरात.

कार्बोरेटरचं मिश्रण वाढवून ‘आता बघा, एका चावीत सुरू होईल’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. गाडी खरंच सुरू होते, पण अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे होतात आणि पुढच्या पीयूसीला मशीनवरचा आकडा बघून तोच मेकॅनिक मिश्रण पुन्हा कमी करून देतो. दोन्ही वेळचे पैसे वेगळे.